अहो-जाहो की अरे-तुरे? काउंटरवर, फोनवर आणि वर्गात हाक कशी मारावी

माझ्या मावशी निवृत्त मुख्याध्यापिका. एका कागदावर सही करायला त्या एका काउंटरवर गेल्या. समोरचा मुलगा हसला, पेन पुढे केलं आणि म्हणाला, "आजी, तू इथे सही कर हं." त्यांनी सही केली आणि पुढच्या वेळी स्वतः न जाता मुलाला पाठवलं. तक्रार केली नाही, त्यामुळे तिथे कुणाला काही कळलंही नाही.

तो मुलगा उद्धट नव्हता. प्रशिक्षणात त्याला सांगितलं होतं, ग्राहकाशी घरच्यासारखं बोला. घरी तो आजीला तूच म्हणतो. त्याने सूचना तंतोतंत पाळली. चुकीची होती ती सूचनाच.

ग्राहक सेवेसाठी मराठी संवाद लिहून देणं हे माझं काम आहे, शिवाय मोठ्या माणसांचे वर्गही घेतो. दोन्हीकडे लोक जवळपास त्याच ठिकाणी ठेचकाळतात: जवळीक समोरच्याने द्यायची असते, हे विसरून ती आपणच घेऊन टाकतात. पुढचे टप्पे क्रमाने घ्या. बहुतेक ठिकाणी थेट पाचव्या टप्प्यापासून, म्हणजे गोड वाक्यं लिहिण्यापासून सुरुवात होते आणि पहिले चार कच्चे असल्यामुळे ती वाक्यं आणखीच खोटी वाटतात.

## टप्पा १: सुरुवातीची हाक एकच ठरवा

मराठीत समोरच्याला उद्देशून तीन सर्वनामं आहेत: तू, तुम्ही, आपण. कुणाला काय म्हणायचं हे माणूस बघून जागेवर ठरवायचं म्हटलं की ते कपडे, वय, भाषा आणि रंग बघून ठरतं. म्हणून आधीच कागदावर एक ओळ लिहून ठेवा: प्रत्येक मोठ्या माणसाला तुम्ही.

प्रत्येक म्हणजे प्रत्येक. ग्राहक, ग्राहकाबरोबर आलेला ड्रायव्हर, सामान पोहोचवायला आलेला मुलगा, झाडलोट करणारी बाई, चुकून दुसऱ्याच खिडकीवर आलेला माणूस. नियम फक्त पैसे देणाऱ्यासाठी असेल तर तो आदर नाही, दर आहे. आणि ग्राहकाला हे दिसतं. तुम्ही त्याला "या साहेब" म्हणून लगेच मागे वळून "ए, पाणी आण रे" म्हणालात की "साहेब"ची किंमत त्याला कळते.

तू वाईट नाही. देवाला आपण तू म्हणतो, आईला बहुतेक घरांत तू म्हणतो, जिवलग मित्राला तर म्हणतोच. भांडण पेटलं की माणूस एकेरीवर येतो तेही तूच. शब्द एकच आहे. जवळचा वापरतो तेव्हा माया, परका वापरतो तेव्हा अपमान. काउंटरवर तुम्ही परके आहात. इतकं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आपण मात्र जपून. लेखी सूचनेत, निमंत्रणात, व्यासपीठावर ते शोभतं. बोलताना दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे आपण या शब्दात "मी आणि तुम्ही" असाही अर्थ आहे. "आपण हप्ता भरलेला नाही" ऐकल्यावर क्षणभर वाटतं, दोघांनी मिळून भरायचा होता की काय. दुसरी अडचण जास्त वाईट. "आपण आता गोळी घ्यायची हं", "आपण वही आणली नाही ना आज?" यातलं आपण दोघांचं नसतंच. गोळी एकालाच घ्यायची असते. मोठ्या माणसाला असं बोललं की त्याचं लहान मूल होतं. स्वतः खरोखर बरोबर करणार असाल तरच "आपण करूया" म्हणा.

सावधान: मालवणीसारख्या बोलीत वडीलधाऱ्यांनाही सहज तू म्हणतात. अशा घरातून आलेला कर्मचारी तू म्हणाला तर त्याला संस्कारांवर व्याख्यान देऊ नका. "इथे सगळ्यांना तुम्ही" एवढंच सांगा. त्याची बोली चुकीची नाही, जागा वेगळी आहे.

## टप्पा २: तुम्ही वाक्याच्या शेवटापर्यंत न्या

सर्वनाम बरोबर आलं की काम झालं असं वाटतं. मराठीत आदर क्रियापदात असतो. "सर, इकडे बस ना", "मॅडम, जरा थांब" ही वाक्यं दिवसभर कानावर पडतात, कारण सर-मॅडम म्हटल्यावर पुढे काहीही चालतं असा समज झाला आहे. बस आणि बसा यांच्यात एका कान्याचा फरक आहे, आणि ऐकणारा नेमका तोच ऐकतो.

सरावासाठी दहा क्रियापदं पुरतात: या, बसा, बोला, सांगा, द्या, घ्या, थांबा, भरा, लिहा, बघा. घाई असताना, फोन वाजत असताना, रांग वाढलेली असताना हीच रूपं तोंडात येतात का ते पाहा. निवांत असताना सगळेच बरोबर बोलतात.

विनंती मऊ करायला कृपया लागत नाही. कृपया हा पाटीवरचा शब्द आहे. बोलताना मराठी माणूस जरा, थोडं, एवढं किंवा प्रश्नाचं रूप वापरतो: "जरा सही करता का?", "एवढा कागद द्याल का?" यात आदरही आहे आणि नाही म्हणायला वावही.

आता सगळ्यात मोठी चूक. ती समोरच्याशी बोलताना होत नाही, समोरच्याविषयी शेजाऱ्याशी बोलताना होते. कर्मचारी ग्राहकाला व्यवस्थित "बसा" म्हणतो आणि सहकाऱ्याला हाक मारतो, "अरे, हा कालपासून येतोय बघ, याचं काय ते कर." ग्राहक दोन फुटांवर बसलेला असतो. "ती मघाची बाई परत आलीय" हे त्या बाईंनाही ऐकू येतं. "हे कालपासून येतायत", "त्या परत आल्यात" असं म्हणायला जास्त काही लागत नाही. वर्गातही हेच: मुलासमोर दुसऱ्या शिक्षकाला "हा तो, गणितातला" असं म्हणणं.

तपासा: फोन होल्डवर टाकल्यावर आवाज खरंच बंद होतो का? मी ऐकलेल्या सर्वांत कटू तक्रारी होल्डच्या बटणावर विश्वास ठेवल्यामुळे झालेल्या आहेत.

## टप्पा ३: नाव विचारा, नीट ऐका, कमी वापरा

नावाचा वापर केल्याने जिव्हाळा वाटतो, हा धडा प्रत्येक प्रशिक्षणात असतो. अर्धाच खरा आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या सुपरमार्केट साखळीत कर्मचाऱ्यांनी ग्राहकाच्या डोळ्यात बघून हसावं आणि कार्डावरचं आडनाव वाचून आभार मानावेत असा नियम होता. १९९८ मध्ये तिथल्या महिला कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध तक्रारी केल्या, कारण काही पुरुष ग्राहक त्या सक्तीच्या हसण्याचा भलताच अर्थ काढून मागे लागत होते. नियम बनवणाऱ्याला त्याचा काही त्रास नव्हता. तो काउंटरवर उभा नव्हता.

नावाबाबत हा क्रम ठेवा.

नाव विचारताना "नाव काय तुमचं?" एवढं पुरे. "आपलं शुभनाव?" हे हिंदीतून आलेलं आहे, मराठीत ते नाटकातल्यासारखं वाटतं. नाव ऐकल्यावर एकदा परत म्हणून दाखवा. चुकलं तर दुरुस्त करून घ्या आणि शक्य असेल तर उच्चार लिहून ठेवा. "अवघड नाव आहे हो तुमचं" हे वाक्य त्या माणसाने शाळेपासून ऐकलेलं असतं.

पूर्ण नाव रांगेसमोर मोठ्याने पुकारू नका. दवाखान्यात तर मुळीच नको. टोकन असेल तर नंबर पुकारा.

एका फोनमध्ये नाव दोनदा: ओळख पटवताना आणि शेवटी. दर वाक्यात नाव आलं की विक्रेता बोलतोय हे कळतं.

नावापुढे काय लावायचं हा खरा पेच. नुसतं "सुनंदा, तुम्ही" हे वयाने मोठ्या अनोळखी बाईंना खटकतं. "सुनंदाजी" हे जी हिंदीकडचं आहे. ज्यांना चालतं त्यांना चालतं, पण मराठी कानाला त्यात टीव्हीवरचा सूत्रसंचालक ऐकू येतो. आडनावाला सर किंवा मॅडम लावणं सुरक्षित, पण आडनावाचा एक तोटा इथे सगळ्यांना माहीत असतो आणि कुणी बोलत नाही. आपल्याकडे आडनावावरून जात शोधली जाते. आडनाव ऐकल्यावर "म्हणजे कुठले तुम्ही?" हा प्रश्न आलाच तर तुमची सगळी आपुलकी तिथे संपली. त्यामुळे शक्य तिथे "तुम्हाला काय म्हणू?" असं सरळ विचारावं. मोठ्या माणसांच्या वर्गात तर पहिल्या दिवशी हेच विचारावं.

फॉर्मवर आणि पत्रावर सौ., श्रीमती, कुमारी हे काढून टाका. मराठीत सौ. म्हणजे नवरा हयात असलेली, आणि श्रीमती हा शब्द अनेक घरांत विधवेसाठी वाचला जातो. हिंदीत तोच शब्द विवाहितेला लावतात. हिंदीतून आलेल्या पत्रात "श्रीमती" वाचून बसलेला धक्का नंतरच्या खुलाशाने जात नाही. लग्न झालंय का, नवरा आहे का, हे तुमच्या कामाला लागत नसेल तर त्याची नोंदही नको. नवऱ्याचं आडनाव गृहीत धरू नका. कागदावर आहे तेच म्हणा.

तपासा: तुमच्या संगणकातला नावाचा साचा "नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव" असा आहे का? महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांत नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. ही मुलं शाळेत येतील तेव्हा तीन रकान्यांत चार शब्द कोंबून हजेरी घेण्याची वेळ येऊ देऊ नका.

## टप्पा ४: नात्याचे शब्द गाळून पाहा

ताई, दादा, भाऊ, काका, काकू, मावशी, मामा, वहिनी, आजी, आजोबा. अनोळखी माणसाला नातं चिकटवण्याची आपली सवय गोड आहे आणि सगळ्यात जास्त घोटाळेही तीच करते.

वयाचा घोटाळा सर्वांना दिसतो. पंचेचाळिशीच्या बाईंना आजी म्हटलं की पुढे कितीही चांगलं काम करा, त्यांच्या मनात तेवढंच राहतं. वहिनी म्हटलं की समोर नसलेला नवरा मध्ये येऊन उभा राहतो. भैया म्हणताना आपण माणसाचा प्रांत ठरवून टाकतो आणि त्या शब्दाला इथे जो वास लागला आहे तो हाक मारणाऱ्याला माहीत असतो.

पण खरा घोटाळा वयाचा नाही, ऐपतीचा आहे. एकाच वयाच्या दोन बायका आत येतात. एकीच्या हातात गाडीची किल्ली आहे, तिला मॅडम. दुसरीच्या हातात कापडी पिशवी आणि अंगावर नऊवारी आहे, तिला मावशी. म्हणणाऱ्याला वाटतं, मी किती आपुलकीने मावशी म्हणालो. मग ती आपुलकी किल्लीवालीच्या वाट्याला का आली नाही? मावशी हा शब्द आपण दवाखान्यातल्या आयांना, शाळेतल्या शिपाईबाईंना, घरकामाला येणाऱ्यांना इतका वापरला आहे की परक्याच्या तोंडून तो नात्याचा राहिलेला नाही, हुद्द्याचा झाला आहे. मामा आणि काका यांचंही अर्धंअधिक तेच झालं.

उलटी तपासणी करा: तुमच्या मालकीणबाई किंवा तुमच्या साहेबांच्या पत्नी आत आल्या तर त्यांना हाच शब्द वापराल का? उत्तर नाही असेल तर तो शब्द या बाईंनाही नको.

मग हाक मारायची कशी? इथे मराठी आपल्या मदतीला येते. आपल्याकडे हाकेचा शब्द लागतच नाही. "या, बसा, बोला" यात आदर पुरा आहे. लक्ष वेधायचं असेल तर "जरा ऐकता का?", "इकडे याल का जरा?" आधी एक महिना नात्याचा एकही शब्द न वापरता काम करून पाहा. कुठेही अडत नाही. नंतर जिथे ओळख वाढेल तिथे ताई-दादा आपोआप येतील, आणि तेव्हा ते खरे असतील.

ताई-दादांवर सरसकट बंदी घाला असं मी म्हणत नाही. गावात जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे दादा न म्हणणंच उद्धटपणाचं होईल. शिवाय बरोबरीचं नातं, म्हणजे ताई, दादा, भाऊ, सहसा दुखावत नाही. वर ढकलणारं काकू-आजीचं दुखावतं.

सावधान: "ए बाई", "ओ बाई" नको, पण शाळेत मुलं "बाई" म्हणत असतील तर ते मोडून "मिस" करायला जाऊ नका. तिथे बाई हा मानाचा शब्द आहे. अर्थ शब्दात कमी आणि जागेत जास्त असतो.

## टप्पा ५: पाठ केलेली वाक्यं मोडून पुन्हा बांधा

कॉल सेंटरच्या मराठीची एक वेगळीच बोली झाली आहे. इंग्रजीतून हिंदीत, हिंदीतून मराठीत, आणि शेवटी कुणाच्याच तोंडची नाही अशी. हे काम शांतपणे करा: प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणा आणि विचारा, हे मी माझ्या शेजाऱ्याला म्हणेन का?

"मी आपली काय सहाय्यता करू शकते?" याऐवजी: "नमस्कार, बोला."

"कृपया लाइनवर बनून राहा." याऐवजी: "फोन ठेवू नका, बघून सांगते. तीनेक मिनिटं लागतील."

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." याऐवजी: "नोंद आमच्याकडून चुकली आहे. उद्या दुपारपर्यंत दुरुस्त होईल."

"आपला दिवस शुभ असो." याऐवजी: "बरं, ठेवू का?" फोन ठेवताना मराठी माणूस हेच विचारतो, आणि त्यात समोरच्याला अजून काही बोलायचं असेल तर जागा राहते.

आता क्रम. चिडलेल्या माणसाशी बोलताना "तुम्हाला किती त्रास झाला असेल हे मी समजू शकतो" हे वाक्य बहुतेक ठिकाणी पहिलं ठेवलेलं असतं. तिथेच भडका उडतो, कारण तुम्ही अजून काहीच समजून घेतलेलं नाही. आधी त्याची अडचण त्याच्याच शब्दांत परत सांगा: "पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, बरोबर?" तो हो म्हणाला की तुम्हाला समजलं हे त्याला कळतं. मग काय करणार ते सांगा. मग कधी होईल ते. माफी त्यानंतर, एकदाच. सहानुभूतीचं वाक्य लागलंच तर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा लागत नाही.

काम झालेलं नसताना "आणखी काही मदत करू शकतो का?" विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. हे वाक्य काम झालं तरच. दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात "पुन्हा या" म्हणू नये हे सांगायची गरज पडू नये, पण एका दवाखान्याच्या संवादात मी ते खोडलेलं आहे.

हसण्याबद्दल. हसण्याची सक्ती लिहू नका. "समोर माणूस आला की हातातलं ठेवून वर बघा" असं लिहा. हे सगळ्यांना जमतं, दुःखात असलेल्यालाही जमतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे यांच्या कामाचा अभ्यास मांडला आणि अशा कामाला भावनिक श्रम हे नाव रूढ केलं. एकीने पगारासाठी गोड राहायचं, दुसऱ्याने पगारासाठी कडक. दोन्ही श्रमच. तेव्हा ते कामाच्या वेळापत्रकात धरा: लागोपाठ तक्रारी ऐकणाऱ्याला मध्ये पाच मिनिटं उठू द्या. बाकी हसू येण्यासारखं काही असेल तर येईल.

सावधान: "सर, पाच स्टार द्या ना, नाहीतर माझा पगार कापतील." ही आपुलकी नाही, गळ आहे. कर्मचाऱ्याला हे म्हणावं लागत असेल तर दोष त्याच्या तोंडाचा नाही, तुमच्या पगाराच्या पद्धतीचा आहे.

## टप्पा ६: वर्गात जाण्यापूर्वी

शाळेत शिक्षकाने मुलाला तू म्हणावं, त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते सगळ्यांना सारखं तू नसताना. काही मुलांना नावाने, काहींना आडनावाने, काहींना "ए मागचा", एखादीला "बाळा". शिक्षकाला हे जाणवत नाही. मुलांना पहिल्या आठवड्यात पाठ होतं.

एका तासाची वीस मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा, फक्त स्वतःसाठी. घरी ऐकताना प्रत्येक हाक लिहून काढा: कुणाला, कोणत्या शब्दाने. कुणाचं नाव एकदाही आलं नाही तेही लिहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की मी मुलांना अरे म्हणून बोलवतो आणि मुलींना फक्त बोट दाखवतो.

कॉलेजात आणि मोठ्यांच्या वर्गात तुम्ही. इथे एक मजा होते. सगळ्या वर्गाला उद्देशून तुम्ही म्हणायचंच असतं, कारण ते अनेकवचन आहे; त्यामुळे शिक्षकाला वाटतं की आपण आदराने बोलतोय. एकाकडे वळला की "तू सांग रे." चाळिशीच्या विद्यार्थ्याला हे झोंबतं. एकेकट्याशी बोलताना काय निघतं तेच तपासा.

आदरार्थी बहुवचनाचा चाबूक करू नका. "या साहेब, झाली का झोप? बसावं आपण." वर्ग हसतो, उशिरा आलेला मुलगा खाली मान घालतो. पुढे कधी तुम्ही त्याला खरोखर आदराने बोललात तरी त्याला टोमणाच ऐकू येईल.

आता उलट दिशा: मुलांनी शिक्षकाला काय म्हणावं. केरळच्या बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये सर-मॅडमऐवजी सगळ्यांना टीचर म्हणावं अशी सूचना केली होती. त्याआधी २०२१ मध्ये पालक्काड जिल्ह्यातल्या माथूर ग्रामपंचायतीने कार्यालयात सर-मॅडम हे शब्दच बंद केले. यात चांगली गोष्ट अशी की कुणी जवळीक मागितली नाही, फक्त उतरंड थोडी कमी केली.

याच्या उलट "मला नावाने हाक मारा, मी तुमचा मित्र आहे" असं जाहीर करणारे शिक्षक. हेतू चांगला असतो. पण गुण त्यांच्याच हातात असतात आणि हजेरीही. मग विद्यार्थी नाव आणि सर दोन्ही टाळून बोलू लागतात: "एक विचारायचं होतं", "ते उद्याचं कसं करायचं?" कर्ता नाही, हाक नाही. असं बोलणं वर्गात वाढलं असेल तर तुमच्या मैत्रीचा त्यांना भार झालाय असं समजा. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतल्या तू-तुम्हीबद्दल लिहिताना दाखवलं की एकेरीवर यायचा प्रस्ताव वरच्याकडूनच येतो. दार वरचा उघडतो हे खरं. आत ओढायचं नसतं. एकदा सांगा, "नावाने बोलवलंत तरी चालेल," आणि विषय सोडा. सर म्हणणाऱ्याला "सर नाही, नाव!" असं टोकू नका. स्वीडनमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीस सगळे एकमेकांना तू म्हणू लागले, तेव्हा ते दोन्ही बाजूंनी झालं. वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी १९६७ मध्ये आपल्याला नावाने हाक मारा म्हटलं आणि स्वतःही सगळ्यांना तशीच हाक मारू लागले. दोन्ही बाजूंचं तू आणि एकतर्फी मैत्री या वेगळ्या गोष्टी आहेत.

पालकसभा राहिलीच. "आर्याच्या मम्मी, पुढे या. पप्पा नाही आले?" पालकांना नावं असतात. यादी पुढ्यात ठेवा आणि ती वाचा. आलेले आजोबा असतील, मामा असेल, एकटी आई असेल. कोण आलं नाही हे विचारण्याआधी जो आलाय त्याला बसा म्हणा.

## टप्पा ७: चुकल्यावर

तोंडातून तू गेलं तर थांबू नका, खुलासा करू नका. "माफ करा, तुम्ही बोला" म्हणून पुढे. लांबलेली माफी ऐकणाऱ्याला जास्त अवघड होते.

ग्राहक अरेतुरेवर आला तर दोन चुका होतात: आपणही एकेरीवर येणं, किंवा एकदम "आपण, महोदय" सुरू करणं. दुसरीत टोमणा असतो आणि त्याला तो कळतो. तुम्ही सोडू नका, आवाज चढवू नका, एकदा म्हणा: "तुमचं काम करतोय मी. अरेतुरे नको." तरीही चालूच राहिलं तर वरिष्ठांनी मध्ये यायचं, आणि येताना कर्मचाऱ्याचा उल्लेख "हे" असा करायचा, "हा" नाही. हा नियम लेखी असावा, नाहीतर "ग्राहक देव असतो" म्हणून कर्मचाऱ्यालाच गप्प बसवतात.

म्हाताऱ्या आजोबांनी मायेने "बाळ, तू जरा बघ ना" म्हटलं तर ते अरेतुरे नव्हे. फरक कानाला कळतो. त्यासाठी नियम लिहू नका.

कुणी स्वतःहून म्हणालं, "अहो-जाहो नको गं, तू म्हण," तर म्हणा. ती त्यांनी दिलेली जवळीक आहे. पण ती तुमच्या दोघांपुरती. शेजारच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याला ती मिळत नाही, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सुनेलाही लागू होत नाही.

## टप्पा ८: महिन्याने ऐकून पाहा

हसणं मोजू नका, नावं किती वेळा घेतली तेही नको. दोघांना एकच प्रश्न घेऊन पाठवा: एक इस्त्रीच्या कपड्यांत, एक कामाच्या कपड्यांत. एकाच खिडकीवर, तासाभराच्या अंतराने. तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसा आणि कर्मचाऱ्याचं बोलणं शब्दशः लिहा: पहिली हाक, क्रियापदं, माणूस वळल्यावर सहकाऱ्याशी बोललेलं वाक्य. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवा, वर नावं न लिहिता, आणि तिसऱ्याला विचारा, यातला इस्त्रीवाला कोणता?

त्याने लगेच ओळखलं तर टप्पा ४ पासून पुन्हा.